अडतीस नंबरचा मळा

एकोणीसशे सत्तावन्न साली गणपती होऊन आठवडा झाला होता. छाटणीआधी वेलींची जुनी पानं काढायची असतात, म्हणून तानूबाई मांडवाखाली मान वर करून पानं ओरबाडत होती. पानांच्या रसानं बोटं काळी पडली होती. तेवढ्यात गाडीवाटेच्या बाजूनं तीन माणसं आत आली. एकाच्या खांद्यावर लोखंडी साखळी होती, दुसऱ्याच्या काखेत खुंट्या. तिसरा पांढऱ्या धोतरातला, चपला हातात घेऊन चिखलातनं जपून पावलं टाकत येत होता.

"कोण तुमी?" तिनं कानडीत विचारलं.

"घरचा पुरुष कोणी आहे का, अक्का?" धोतरवाला म्हणाला.

तिचा नवरा कृष्णाजी विहिरीवर मोट हाकत होता. त्याला हाक मारली. बैलं थांबवून तो आला तो पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. धोतरवाल्यानं हात जोडले.

"मी मल्लाप्पा. यशवंतपुरात माझी लाकडाची वखार आहे. ही जमीन मी घेतली, अण्णा. देवाप्पाकडून. गेल्या सोमवारी रजिस्टर झालं."

कृष्णाजीला हसूच आलं. "देवाप्पाच्या बापानं, आप्पाजीनं, ही जमीन माझ्या अप्पाला विकून अठ्ठावीस वरसं झाली. तवा हितं निवडुंग होता. हे दगडी खांब माझ्या अप्पानं रोवल्यात. देवाप्पानं तुमास्नी फशिवलं."

"असेल," मल्लाप्पा शांतपणे म्हणाला. "मी सरकारी वही बघून पैसे मोजलेत. तुम्ही घरी जाऊन तुमचा कागद नीट बघा."

माणसांनी साखळी उचलली आणि ते आले तसे गेले. एक खुंटी मात्र विहिरीपाशी ठोकलेली राहिली. कृष्णाजीनं ती उपटून बांधापलीकडं फेकली.

हुणसेपाळ्य हे यशवंतपूरच्या पुढं, रुळांपलीकडचं पंचवीस-तीस घरांचं गाव. त्यात मराठ्यांची घरं चारच. बाहेर कानडी, चुलीपाशी मराठी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. कृष्णाजीला कानडी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. अप्पानं त्याला धुळपाटीवर बालबोध अक्षरं शिकवली होती, तेवढीच त्याची शाळा. आता अप्पा, म्हणजे त्याचा बाप विठोजी, तीन वर्षं खाटेवर होता. अंगावरनं वारं गेल्यानं उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही. डावा हात तेवढा हलायचा.

पेटीतला कागद घेऊन कृष्णाजी भीमाचार्यांकडं गेला. भीमाचार्य गावचे जुने शानुभोग. जमिनीच्या वह्या तीस वर्षं त्यांनीच लिहिल्या होत्या. त्यांनी कागद उन्हात धरला, डोळ्यांपासून लांब नेला, जवळ आणला.

"सर्वे नंबर त्र्याऐंशी," ते म्हणाले.

"अडतीस, स्वामी. आमचा मळा अडतीस."

"मळा अडतीसच. कागदात त्र्याऐंशी आहे. लिहिणाऱ्यानं आकडे उलटे मांडले. त्र्याऐंशी म्हणजे तळ्याच्या पोटातली जागा. बेडकांची."

कृष्णाजी उंबऱ्याशी उकिडवा बसला होता तो खाली टेकला. "आन्‌ वहीत?"

"वहीत खातं आप्पाजीचं. तो गेल्यावर देवाप्पाचं झालं."

"शेतसारा आमी भरला. दर वरसी अप्पा तुमच्या हातात आणून देत हुता."

"देत होता. पावती खातेदाराच्या नावानंच फाडावी लागते, कृष्णाजी. खातं फिरवून घे म्हणून मी विठोजीला दहादा सांगितलं. 'बघू की' म्हणायचा. द्राक्षं मात्र आठवणीनं आणायचा." भीमाचार्यांनी कागदाची घडी जुन्या रेघांवरच घातली. "पण चतुःसीमा बरोबर लिहिलीय हं. पूर्वेला तुमच्या शेजारणीच्या, गंगव्वाच्या, सासऱ्याचं रान, पश्चिमेला गाडीवाट. वकिलाला दाखव."

शहरातले वकील सुधींद्रराव एका कापडाच्या दुकानावर माडीत बसायचे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"नंबर चुकला तरी सीमा बरोबर असतील तर कोर्ट सीमा मानतं. घाबरू नका. पण एक गोष्ट दिसली पाहिजे. इतकी वर्षं वहिवाट तुमची. काहीही झालं तरी मळ्यातून पाय काढू नका."

कृष्णाजी आणि तानूबाई त्या दिवशी रुळाच्या कडेनं चालत घरी आले. "पाय कशाला काढतोय आपण," ती म्हणाली. "जायचं कुठं हाय?"

पंधरा दिवसांनी मल्लाप्पाचे दहा-बारा मजूर पहारी घेऊन आले आणि गाडीवाटेच्या अंगानं चर खणायला लागले. कृष्णाजी धावला. त्यानं पुढच्या माणसाची पहार धरली. दोघंही ओढायला लागले. पहार सुटली ती तिसऱ्याच्याच पायावर पडली. त्याचा अंगठा फुटला. रक्त बघून सगळे थांबले, कृष्णाजीसुद्धा. त्यानंच आपला पटका फाडून त्या माणसाचा पाय बांधला.

पोलीस ठाण्यात त्याला दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभं केलं. बसू का, असं विचारायचंही त्याला सुचलं नाही. मग शांतताभंगाचा धोका म्हणून प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढं गेलं आणि महिन्याभरात हुकूम आला. दिवाणी कोर्ट निकाल देईपर्यंत मळा सरकारी ताब्यात. दोन्ही पक्षांनी आत पाऊल टाकायचं नाही. शिपायानं खळ लावून कानडी कागद पहिल्या खांबाला चिकटवला. तानूबाई विहिरीपाशी ठेवलेली घागर आणायला आत निघाली तर तो म्हणाला, "अक्का, थांब. मी आणून देतो." आणि त्यानं ती आणून दिली.

त्या वर्षी छाटणी झाली नाही. पूर्वेच्या बांधापलीकडं गंगव्वाचं रान होतं. ती विधवा बाई, कोथिंबीर-पालक लावून यशवंतपूरच्या बाजारात विकायची. तिच्या बांधावर उभं राहून तानूबाई मळा बघायची. वेली वाटेल तशा वाढल्या, एकमेकींत गुंतल्या, पानांवर पांढरी बुरशी धरली. मोरचूद आणि चुना कालवून फवारलं असतं तर चार दिवसांत आटोक्यात आलं असतं. मोरचुदाची पुडी घरात कोनाड्यात पडून होती.

घरात अप्पा होता. दर वर्षी छाटणीला त्याची खाट उचलून मळ्यात नेत. यंदा नेली नाही. तो डाव्या हाताची दोन बोटं उघडायचा, मिटायचा. कात्री.

"औंदा पाऊस लांबलाय, अप्पा," कृष्णाजी सांगायचा. "जरा थांबू."

म्हातारा दाराबाहेरच्या कडकडीत उन्हाकडं बघायचा आणि पुन्हा बोटं हलवायचा.

पुढच्या वर्षी तालुक्याच्या कचेरीनं मळ्याची एक वर्षाची लागवड लिलावात काढली. कृष्णाजी गेला. मल्लाप्पाच्या मेस्त्रीनं, त्याच्या मजुरांच्या मुकादमानं, स्वतःच्या नावावर बोली चढवत नेली आणि कृष्णाजी तिसऱ्या बोलीला गप्प बसला. बाहेर पडताना मेस्त्री त्याला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको, अण्णा. मी हुकमाचा माणूस."

दिवाणी दावा सुरू झाला होता. तारखा पडत होत्या. कृष्णाजी मालधक्क्यावर पोती वाहायला जायचा. द्राक्षाच्या कामात माणसाचे हात वर असतात, ओझ्याच्या कामात मान खाली. पहिल्या आठवड्यातच त्याच्या मानेत गाठ आली. तानूबाई रात्री मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची.

एका सकाळी ती गंगव्वाच्या बांधावर उभी होती. मळ्यात मेस्त्रीचे मजूर छाटणीला लागले होते, हातांत विळे घेऊन. एकजण तर गवत कापावं तसा काडी धरून खालपासून ओढत होता.

"अरे, अरे!" ती ओरडली. "डोळं ठेव की! दोन डोळं ठेवून वर काप! सगळं कापलास तर फुटणार कुठनं?"

मजूर हसले. मेस्त्री बांधापर्यंत आला. "ये की, अक्का. तूच शिकव यांना. फुकट नको, रोजाची कूली देतो."

तिनं इकडं तिकडं बघितलं. गंगव्वा वाफ्यात खाली वाकलेली होती. तानूबाईनं पदर खोचला आणि बांध ओलांडला.

रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. तो ताटात पाणी ओतून उठला. सकाळी त्यानं कोनाड्यातली आपली कात्री काढली, दगडावर धार लावली, तेल दिलं.

"वकिलांनी सांगितलंय..." आता तीच म्हणाली.

"वकिलाच्या वेली न्हाईत त्या."

असा तो आपल्याच मळ्यात मजुरीला गेला. पहिले दोन दिवस नुसता कापत राहिला. मान वर, हात वर, एक काडी, दोन डोळे, पुढची काडी. विळ्यानं बिघडवलेल्या ओळी त्यानं पुन्हा धरल्या. तिसऱ्या दिवशी मेस्त्रीनं विळे बाजूला ठेवले आणि सगळ्यांना कृष्णाजीच्या हाताखाली दिलं. मानेतली गाठ बसली. घरी येताना तो एकदा शीळ घालत आला, हे तानूबाईच्या ध्यानात आलं.

दर शनिवारी मेस्त्री हजेरीची वही काढायचा. बाकीचे अंगठा लावत. कृष्णाजीनं अंगठा लावला नाही. पेन मागून घेतलं आणि बालबोधीत सावकाश लिहिलं, 'कृष्णाजी विठोजी'. मजूर मान लांब करून बघत राहिले.

"पानावर वर काय न्हाई लिवलेलं?" त्यानं पहिल्या शनिवारी विचारलं. पानावर नुसत्या रेघा आखलेल्या होत्या.

"घरी बसून नीट लिहितो, अण्णा. इथं मांडीवर माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतं."

कधी मेस्त्री दोन-दोन, तीन-तीन पानं पुढं करायचा. मागच्या पानावर शाई सांडली, ते फाडलं, म्हणायचा. कृष्णाजी सही करायचा. कितीही पानं असली तरी त्याचं अक्षर एकसारखं यायचं, याचं त्याला बरं वाटायचं.

घरी अप्पाची बोटं थांबत नव्हती. शेवटी कृष्णाजीनं मेस्त्रीला विचारलं. मेस्त्री म्हणाला, "सरी, बरं, आणा की. म्हातारा माणूस."

चौघांनी खाट उचलून मळ्यात ठेवली. ताज्या छाटलेल्या काड्यांच्या टोकांतून पाणी ठिबकत होतं. ते विठोजीच्या कपाळावर, गालांवर पडत होतं आणि तो डोळे मिटून घेत नव्हता. त्यानं डावा हात वर केला. कृष्णाजीनं एक काडी वाकवून त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं अंगठ्यानं काडीवरचे डोळे चाचपले. एक, दोन. तोंडाची एक बाजू हसली.

तेवढ्यात मल्लाप्पा आला. बरोबर शहरातले दोन पाहुणे होते. खाटेकडं बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मेस्त्रीची धांदल उडाली. तो तिकडूनच ओरडला, "ए कूली! कृष्णा! काय बघत बसलास? साहेबांना विहिरीचं पाणी आण! पळ!"

कृष्णाजी क्षणभर उभा राहिला. मग गेला. घागर भरून आणली, तांब्या विसळला, वाकून पाहुण्यांच्या हातांवर पाणी घातलं. परत वळला तेव्हा अप्पा त्याच्याकडंच बघत होता. शाबूत बाजूचा डोळा त्याच्यावरनं मल्लाप्पावर गेला, मेस्त्रीवर गेला, खांबावरच्या फाटक्या कानडी कागदावर गेला आणि परत त्याच्यावर आला.

"अप्पा, तसं न्हाई..." कृष्णाजी म्हणाला. 

घरी आणल्यावर विठोजीनं भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर त्यानं बोटं हलवली नाहीत. पेज भरवली तर घ्यायचा, नाही भरवली तर मागायचा नाही. संक्रांतीच्या आधीच्या थंडीत, दुपारी, तानूबाई चुलीला फुंकर घालत असताना तो गेला.

कोर्टात साक्षी सुरू व्हायला साठ साल उजाडलं. पहिल्याच दिवशी गंगव्वा साक्षीला येणार होती. तिचं रान मळ्याला लागून. अठ्ठावीस वर्षं कोण कसतंय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? "येते की," ती म्हणाली होती. "त्यात काय, बघितलंय तेच सांगायचं." सकाळी कृष्णाजी तिच्या दारात गेला तर दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मल्लाप्पाची माणसं रात्री येऊन गेली, पहाटेच ती बहिणीकडं गेली.

भीमाचार्य आले. दोघांनी हात धरून त्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात चढवलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"सारा कोण आणून देत होतं?" सुधींद्ररावांनी विचारलं.

म्हाताऱ्यांनी मान वळवली. समोरच्या बाकावर मल्लाप्पाचा वकील वह्यांचा ढीग मांडून बसला होता. सगळ्या त्यांच्याच हातच्या.

"वहीत आहे ते खरं," ते म्हणाले. "मी लिहिलंय ते चुकीचं, असं मी कसं सांगू? बाकी मला आठवत नाही."

मग कृष्णाजीला उभं केलं. मल्लाप्पाच्या वकिलानं एक वही उघडून त्याच्यापुढं धरली.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"आणि ही?"

"व्हय. माझीच."

"सगळ्या बघा. सावकाश बघा."

कृष्णाजीनं पानं उलटली. 'कृष्णाजी विठोजी'. 'कृष्णाजी विठोजी'. मराठी अक्षरात सही करणारा त्या वहीत दुसरा कुणी नव्हता. "सगळ्या माझ्या."

"वर काय लिहिलंय ते वाचता का?"

"कानडी मला वाचाय येत न्हाई."

वकिलानं वाचून दाखवलं. हजेरी वही. द्राक्षमळा, सर्वे नंबर अडतीस. मालक देवाप्पा. साल एकोणीसशे पंचावन्न. पुढचं पान छप्पन. पुढचं सत्तावन्न, माहे ऑगस्ट. "म्हणजे भांडण सुरू होण्याआधी दोन वर्षांपासून तुम्ही देवाप्पाकडं रोजानं काम करत होता. मजूर म्हणून."

"न्हाई! ह्या सह्या अठ्ठावन सालच्या. मेस्त्रीच्या वहीतल्या. तवा वर काय लिवलेलं नव्हतं, स्वामी. कोरी पानं हुती."

"कोऱ्या पानावर सही केलीत?"

"व्हय."

"एकदाच?"

कृष्णाजीनं कठड्याला धरलं. "दर शनिवारी," तो म्हणाला.

मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. दोघांचंही सगळं ऐकून, पेन मध्येमध्ये दौतीत बुडवत, नीट लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात सुधींद्रराव त्याच्याकडं न बघता कागद आवरत होते. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" ते म्हणाले. "मजूर म्हणून आत जाऊन बसलात. मला विचारायचं तरी."

"वेली मरत हुत्या."

सुधींद्ररावांनी चष्मा पुसला.  हे कोर्टात सांगण्यासारखं नव्हतं.

निकाल एकसष्टच्या उन्हाळ्यात लागला. दावा फेटाळला. सीमा जुळत असल्या तरी वादीची वहिवाट शाबीत होत नाही, उलट तो प्रतिवादीच्या विक्रेत्याचा मजूर असल्याचं त्याच्याच सह्यांवरून दिसतं, असं त्यात होतं. वकिलांनी मराठीत समजावून सांगितलं. तानूबाईनं विचारलं, "मंग हे खांब कुणी रोवलं म्हणायचं?" वकील म्हणाले, त्याबद्दल निकालात काही नाही. अपील करता येईल, असंही म्हणाले, पण कधी, कसं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कृष्णाजीनं विचारलं नाही.

वेली दोन दिवसांत निघाल्या. खांब काढायला पाच दिवस लागले, ते खोल होते. मल्लाप्पाला तिथं घरांसाठी तुकडे पाडायचे होते. जवळच कारखाने येत होते, माणसं येणार होती.

पावसाळा सरल्यावर मोजणीदार आला. त्या दिवशी कृष्णाजीला मालधक्क्यावर काम नव्हतं. तो दारात बसून चप्पल शिवत होता. मेस्त्री समोर येऊन उभा राहिला, पण उंबऱ्यापाशी आला नाही.

"अण्णा, पूर्वेचा हद्दीचा दगड सापडत नाही. दोघांना सकाळपासून खणायला लावलंय. तुला माहीत असेल."

आतून तानूबाई म्हणाली, "सापडू दे की न सापडू दे. आमास्नी काय त्याचं?"

"मोजणीदार म्हणतो, नाहीच सापडला तर आहे तो बांध सोडून दोन हात पलीकडून साखळी धरू," मेस्त्री म्हणाला. "नकाशात अंदाजानं तेवढं बसतंय."

कृष्णाजीनं दोऱ्याला गाठ मारली, दातानं तोडला आणि तो उठला. तानूबाई दारापर्यंत आली. "जाऊ नगा," ती म्हणाली. तो गेला.

मळा आता मळ्यासारखा दिसत नव्हता. सगळीकडं खांबांचे खड्डे होते आणि त्यांत पावसाचं पाणी. मजुरांनी भलत्याच ठिकाणी गुडघाभर खणलं होतं. कृष्णाजी पूर्वेच्या कोपऱ्यात गेला, घाणेरीच्या झुडपात शिरला. काट्यांनी हात ओरखडले. वाकून त्यानं हातानंच माती उकरली. वीतभर खाली दगड लागला, वर फुलीची खूण असलेला. त्यानं तळव्यानं तो पुसला.

"हितं," तो म्हणाला.

मोजणीदारानं साखळीचं टोक दगडावर ठेवलं. दुसरं टोक धरलेला मजूर लांब उभा होता. मधे साखळी लोंबत होती.

"ढिली हाय," कृष्णाजी म्हणाला. "ताणून धरा."

मोजणीदारानं त्याच्याकडं बघितलं आणि मजुराला ताणायला सांगितलं. आकडा लिहून घेतला. "तुमचं नाव काय? हद्द दाखवणारा म्हणून लिहायला लागतं."

"नाव नगा लिवू," कृष्णाजी म्हणाला आणि परत निघाला.

तानूबाई दारातच उभी होती. त्याच्या हातांवरचं रक्त बघून तिनं पाण्याचा तांब्या आणला, पण लगेच ओतला नाही.

"कशाला दावला त्यास्नी दगड? त्यांनी आपलं काय ठेवलं?"

"न्हाईतर गंगव्वाचं दोन हात रान गेलं असतं."

"ती आली हुती का आपल्यासाठी?"

 त्यानं हात पुढं केले. तिनं पाणी ओतलं. समोर रानात गंगव्वा बांधाला लागून असलेल्या वाफ्यात बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. संध्याकाळच्या बाजाराची वेळ झाली होती. मोजणीदाराची माणसं साखळी ओढत तिच्या शेजारनं गेली तेव्हा तिनं जुड्यांची पाटी जरा आत ओढून घेतली, इतकंच.